अर्ध्या वाट्याचा कोंबडा

एका सरकारी दवाखान्यात दोन सर्जन असले की लोक आपल्या सोयीनं त्यांना ओळखतात. चंद्रपूरच्या आमच्या दवाखान्यात तो 'नाकवाले साहेब' होता आणि मी 'दुसरे साहेब'. हर्निया, अपेंडिक्स, गाठी, फुटलेली डोकी, कोळशाच्या खाणीतून आलेले चेंगरलेले हात, सगळं मी निस्तरायचो. तरी मी दुसराच. माझ्या खोलीच्या दारात एखादी बाई उभी राहून शिपायाला विचारायची, "हे थेच साहेब व्हय का?" आणि शिपाई मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "हे नाई बाई, हे दुसरे." मी त्या नाकवाल्यावर जळायचो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याच्याविषयी काही बरं बोललो तर ते किती नाइलाजानं बोलतोय हे लक्षात येईल.

आमच्या भागात नाक जातं ते अस्वलामुळं. मोहफुलं गळायला लागली की बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी त्याच झाडाखाली येतात. दचकलेलं अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि सरळ तोंडावर पंजा मारतं. त्या दिवसांत धानोऱ्याकडची एखादी जीप दवाखान्याच्या आवारात शिरली आणि आतल्या बाईच्या तोंडाला लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला दिसला की मी काही न बघता त्याला बोलावणं पाठवायचो. तो यायचा, कपडा सोडायचा, आणि इतरांनी तोंड फिरवलेलं असताना हा शांतपणे म्हणायचा, "कपाळ शाबूत हाय ना, मग झालं." कपाळाची कातडी देठासकट खाली वळवून तो नाक उभं करायचा. मीही तसं एकदा करून पाहिलं. नाक झालं, पण ते बटाट्यासारखं दिसत होतं, आणि त्या माणसानं जाताना विचारलं, "नाकवाले साहेब सुट्टीवर हायत का?"

तो कधी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचा नाही, नाकाकडं बघून बोलायचा. एकदा कलेक्टर पाहणीला आले होते. हा सगळा वेळ त्यांच्या नाकाकडं टक लावून उभा, आणि निरोप घेताना म्हणाला, "साहेब, नाक फार चांगलं आहे तुमचं. सांभाळा." कलेक्टरांना ती धमकी वाटली. आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा वरण वाढणाऱ्या माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुमची डावी नाकपुडी जराशी लहान आहे." मला वाटलं, आता ही पळी त्याच्या डोक्यात घालणार. ती आठवडाभर आरशासमोर उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "किती बारीक लक्ष असतं नाही त्यांचं!" इतकी वर्षं संसार करून मला ती नाकपुडी दिसली नव्हती.

तो मूळचा चामोर्शीकडच्या एका धानाच्या गावचा. शिकायला चंद्रपूरला आला तेव्हा जटपुरा गेटच्या आत एका रफूवाल्या चाचांच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. चाचा फाटलेला कोट असा रफू करायचे की गिऱ्हाइकाच्या हातात देऊन नुसतं म्हणायचे, "ढूंढो." गिऱ्हाईक उजेडात धरून, उलटसुलट करून दमलं की मगच ते मजुरी घ्यायचे. यानं टाके घालायला तिथं पाहून पाहून सुरुवात केली, आणि मी नागपूरला मोठमोठ्या प्रोफेसरांच्या हाताखाली. टाके काढायची वेळ आली की तोही पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात आरसा देऊन म्हणायचा, "शोधा." मला असं म्हणायची हिंमत कधी झाली नाही.

बोलण्यात एक शब्द पक्का होता: धरलं. लावलेली कातडी जगली की ती धरली, काळी पडली की नाही धरली. पण तो हा शब्द सगळीकडं वापरायचा. कुणाचं लग्न झालं की महिनाभरानं विचारायचा, "काय बे, धरलं का?" नवीन सिव्हिल सर्जन रुजू झाले तेव्हा म्हणाला, "हे काही आपल्याकडं धरत नाहीत." ते खरंच पावसाळ्याच्या आत बदली करून गेले.

त्याचं सगळं उलटसुलट झालं ते मैनाबाईपासून. धानोऱ्याच्या पुढं, जंगलाच्या कडेला तिचं गाव. अस्वलानं तिचं नाक नेलं आणि कपाळही नेलं. वळवायला कातडीच उरली नाही. यानं तिच्या दंडाची कातडी घ्यायची ठरवली. ती नाकावर धरेपर्यंत दंडापासून सुटी करता येत नाही, म्हणून तिचा हात आठवडेच्या आठवडे तोंडाशी बांधून ठेवावा लागला. ती त्याच अवस्थेत वॉर्डातल्या बायांशी गप्पा मारायची, मोकळ्या हातानं त्यांची पोरं खेळवायची. शेवटी ते नाक काळं पडून गळालं. त्या दिवशी तो तिच्या खाटेशी बसून होता. ती पदराआडून म्हणाली, "जाऊ द्या साहेब. नाई धरलं त नाई धरलं."

"करून देतो बाई," तो म्हणाला. "येळ लागंन. पन करून देतो."

त्यानंतर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. माणसाची स्वतःची कातडी संपली, तर दुसऱ्याची का लावता येऊ नये? मेलेल्या माणसाचं नाक, गाल, ओठ? मी हसलो. दुसऱ्याची कातडी शरीर ठेवून घेत नाही, आठ-दहा दिवसांत झिडकारून टाकतं, हे कॉलेजातली पोरंही सांगतील. तो म्हणाला, "झिडकारतं, कारण ओळखत नाही. ओळख करून दिली तर?"

मग त्याच्या क्वार्टरमध्ये कोंबड्या आल्या. माझं क्वार्टर भिंतीला भिंत लागून, त्यामुळं माझ्या उशाशीच. स्वयंपाकघरात खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या, आणि हा बॅटरीच्या उजेडात अंडं धरून आतल्या जिवाची शीर शोधतोय. दात कोरायच्या यंत्रानं कवचाला खिडकी पाडायची, लाल कोंबडीच्या अंड्यातलं थेंबभर रक्त पांढऱ्या कोंबडीच्या अंड्यातल्या शिरेत सोडायचं आणि खिडकी मेणानं बंद करायची. परकं कोण हे शरीर शिकायच्या आतच ओळख करून द्यायची, असा त्याचा हिशोब. परदेशात कुणी हे फार पूर्वी करून पाहिलेलं होतं, पण त्यांच्याकडं प्रयोगशाळा होत्या आणि याच्याकडं ओटा होता. बहुतेक पिल्लं कवचातच मरायची. अंडी कमी पडायची नाहीत, कारण ज्यांना ज्यांना त्यानं नाक दिलं होतं त्यांच्या घरून एसटीनं टोपल्या यायच्या. माझ्याकडं हर्नियाचे शेकडो लोक बरे होऊन गेले, पण एकानं कधी एक अंडं आणून दिलं नाही.

त्यातून एक पांढरं पिल्लू जगलं. यानं त्याच्या पाठीवर लाल कोंबडीच्या कातडीचा तुकडा लावला, आणि तो धरला. पिल्लाचा कोंबडा झाला तेव्हा शुभ्र पाठीवर तळहाताएवढ्या जागेत लालभडक पिसं उगवली होती. मी बागेच्या कुंपणावरून तो पहिल्यांदा पाहिला आणि रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं, पोट बिघडलं का? मी हो म्हणालो.

त्याच सुमाराला एका समितीनं संशोधनासाठी पैसे देणार असल्याचं जाहीर केलं. जोखमीच्या, कुणी करून न पाहिलेल्या, फसण्याची शक्यता असलेल्या कल्पनांनाच मदत मिळेल, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याला सूक्ष्मदर्शक हवा होता, परकी कातडी टिकवायची औषधं हवी होती, मोठ्या जनावरांवर पुढचे प्रयोग करायचे होते. तो अर्ज करतोय हे कळल्यावर मीही केला. पोट शिवायला दोन प्रकारच्या धाग्यांपैकी कुठला चांगला, हा माझा विषय. यात जोखीम कसली, असं मलाही वाटत होतं, पण तो अर्ज करणार आणि मी नाही हे मला सहन होणार नव्हतं.

नागपूरला मुलाखतीला आम्ही एकाच बसनं गेलो. त्याच्या मांडीवर झाकणाची टोपली आणि आत कोंबडा. वरोऱ्याच्या आसपास तो आरवला. कंडक्टर आला, टोपलीवर टकटक करून म्हणाला, "कोंबडा कोनाचा जी?"

"माझा नाई भाऊ," हा गंभीरपणे म्हणाला. "एका पांढऱ्या कोंबडीचा हाय आन एका लाल कोंबडीचा. मी निस्ता शिवला."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

समितीच्या बंद दाराबाहेर मी बसलो होतो, तरी आतलं हसणं ऐकू येत होतं. एक सदस्य म्हणाले, "डॉक्टर, कोंबडा झकास आहे. पण माणूस अंड्यात असताना अस्वल त्याला ओरबाडत नाही." सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. "बरोबर आहे साहेब," तो म्हणाला, "मोठ्या झालेल्या माणसाला ही ओळख कशी करून द्यायची, तेच मला माहीत नाही. त्यासाठीच तर पैसे मागून राह्यलो." म्हणजे हे नक्की जमेल का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "नाही सांगता येत." मग माझी पाळी आली. मला विचारलं, नक्की निष्कर्ष निघेल का? मी म्हणालो, शंभर टक्के. मला मंजुरी मिळाली.

समितीत एक वयस्क प्राध्यापिका होत्या. बाहेर येऊन त्यांनी टोपलीचं झाकण उचललं आणि बराच वेळ त्या लाल पिसांमधून बोट फिरवत राहिल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हाच कोंबडा, असाच, जिवंत घेऊन या. वर्षभर टिकला तर मी या लोकांशी भांडेन." परतीच्या बसमध्ये पैसे मिळालेला मी होतो आणि शीळ वाजवत होता तो.

मात्र कोंबडा ठेवायचा कुठं, हा प्रश्न उभा राहिला. नव्या सिव्हिल सर्जननी क्वार्टरमधल्या सगळ्या कोंबड्या हलवायचा हुकूम काढला. (तक्रार मी केली नव्हती. माझ्या पलीकडच्या दंतवैद्यानं केली होती. लोक मात्र माझ्याकडंच बघायचे.) मग तो कोंबडा मैनाबाईकडं न्यायचं ठरलं, आणि त्यानं मला सोबत चल म्हटलं. मी गेलो. त्याचं कुठं काय चाललंय हे मला बघायचंच असायचं.

मैनाबाईनं पदराचं टोक तोंडावर धरूनच कोंबडा हातात घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला. "बटईनं ठिवू ना साहेब?"

"ठिव, ठिव," तो पाठीवरची पिसं फुंकून पाहत म्हणाला. "कुत्र्यापासून जप फक्त."

बटई म्हणजे अर्धा वाटा. शेत बटईनं देतात, शेळी बटईनं पाळायला देतात आणि पिल्लं निम्मी निम्मी घेतात. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

वर्ष सरत आलं. तो अधूनमधून जाऊन कोंबडा बघून यायचा आणि परत आला की माझ्या दारात उभा राहून सांगायचा, "अजून धरून हाय बे." मग आम्ही न्यायला निघालो. धानोऱ्याच्या बसच्या कंडक्टरसोबत त्यानं आदल्या बाजाराच्या दिवशी निरोप पाठवला: साहेब कोंबड्यासाठी येतात.

अंगणात शिरलो तेव्हाच रश्शाचा वास आला. उंबऱ्याशी पिसांचा ढीग होता. पांढरा, आणि त्यात थोडी लाल.

मैनाबाई बाहेर आली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "निरोप आला आन सकायीच कापला साहेब. पोट्टा म्हने, दुसरा काप. मी म्हनलं, नाई. बटईचा नर हाय, मालक आला का कापाचा आन अर्धा अर्धा खाचा. आमच्याकडं असंच मोडतेत. साहेबाचा हाय त साहेबाच्याच पोटात गेला पायजे."

कोंबडीची बटई पिल्लांनी फिटते. कोंबडा पिल्लं देत नाही, म्हणून मालक घ्यायला आला की त्याची हंडी होते आणि दोघं शेजारी बसून जेवतात. तिच्या गावात हे पोराटोरांना माहीत होतं. आम्हा दोन सर्जनांना नव्हतं.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं वाकून एक लाल पीस उचललं, उजेडात धरलं आणि परत ढिगावर ठेवलं. मग पाय धुऊन पाटावर बसला. मैनाबाईनं निवडून निवडून वाढलं. त्यानं कातडीचा एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपला आणि माझ्या ताटात ठेवला.

"पाठीचा हाय," तो हळू म्हणाला. "शोध."

मी तो तुकडा फिरवून फिरवून पाहिला. विस्तवावर भाजलेला, तिखटात शिजलेला, तरी कातडी ती कातडीच, आणि मी आयुष्यभर तीच शिवत आलेलो. कुठं पांढरी संपते आणि कुठं लाल सुरू होते हे मला सापडलं नाही. जोड नव्हताच.

"सापडला?"

"नाही."

"पक्कं धरलं होतं बे," तो म्हणाला, आणि मैनाबाईपुढं वाटी केली. "बाई, रस्सा वाढ. भारी झाला."

तो पोटभर जेवला. निघताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कोंबडा चांगला जपला म्हणून तिला शाबासकी दिली. बसमध्ये मी विचारलं, तिला सांगितलं का नाहीस? "काय सांगू? तिनं चूक काय केली? किती जड झाला होता पाहिलंस ना?" मग त्यानं तोंड खिडकीकडं केलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हाही हेवाच जास्त वाटला. माझा धाग्यांचा सगळा अभ्यास कुणी शिजवून खाल्ला असता तरी मला रडू आलं नसतं.

मी नागपूरला गेलो तेव्हा त्या प्राध्यापिकांना भेटून सगळं सांगितलं. जोड दिसत नव्हता, मी स्वतः पाहिलं, असंही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण समितीपुढं मी तुमचं ताट कसं ठेवू?" त्या पुढं निवृत्त झाल्या. त्याची सिरोंच्याला बदली झाली. जाताना त्यानं भांडीकुंडी वाटून टाकली आणि खुडूक कोंबड्या तेवढ्या बरोबर नेल्या. माझा अभ्यास पूर्ण झाला. दोन्ही धागे सारखेच निघाले आणि समितीनं माझं अभिनंदन केलं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. मैनाबाईसाठी नागपूरहून रबराचं नाक बनवून आणलं, चष्म्याच्या दांडीला बसवलेलं. दयेपोटी आणलं म्हणालो तर खोटं होईल. तिनं एकदा तरी मला नुसतं 'साहेब' म्हणावं, 'दुसरे' नको, एवढीच इच्छा होती. निरोप धाडला, ती आली. तिनं ते नाक लावून आरशात पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं, आणि काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"बेस हाय," ती म्हणाली. "पन थे साहेब करून देतो म्हनले ना. तवर राहू द्या."

"बाई, त्यांना ते कधी जमेल, जमेल की नाही, सांगता येत नाही."

"मालूम हाय. त्यायनं सांगतलंय मले." मग तिनं खाली वाकून पायाशी ठेवलेली टोपली पुढं सरकवली. आत एक तरणा कोंबडा होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरा. "त्या कोंबड्याची औलाद हाय. हा त्यायच्या वाट्याचा. लाल काई निंगाला नाई," ती ओशाळून म्हणाली. "तुमी त्यायचे दोस्त ना? त्यायले पोचवून द्या."

पाठीवर लावलेली कातडी पिल्लांत उतरत नाही. त्याच्या कामासाठी हा कोंबडा बाजारातल्या कुठल्याही कोंबड्यासारखाच होता. हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो. पण जमेल की नाही सांगता येत नाही हे जिला ठाऊक होतं, आणि तरीही जी देत होती, तिला मी काय समजावणार? मला पैसे देणाऱ्यांनी आधी निष्कर्षाची खात्री करून घेतली होती.

शिपायाबरोबर पाठवता आला असता, पण मी रजा टाकली आणि टोपली मांडीवर घेऊन सिरोंच्याच्या बसमध्ये बसलो. आलापल्लीच्या पुढं जंगल दाट झालं तसा तो आरवला. सगळी बस माझ्याकडं वळून पाहू लागली. कंडक्टर आला, टोपलीवर टकटक केली.

"कोंबडा कोनाचा जी?"

"माझा," मी म्हणालो.

त्यानं कोंबड्याचंही तिकीट फाडलं. मी ते जपून वरच्या खिशात ठेवलं आणि टोपली आणखी जवळ ओढून घेतली. सिरोंचा यायला अजून बराच वेळ होता.